वैद्यकीय कारणास्तव

"अरे, हळू! आधी आप्पांना उतरवा, मी येतो माझा माझा..."

टॅक्सीतून उतरता उतरता दादाने ओरडून सांगितले आणि दारात जमलेली डेपोतली सगळी मंडळी आप्पांकडे धावली. कुणी त्यांच्या बगलेत हात घातला, कुणी पाठीमागे उशी धरली, कुणी "एकेक पायरी, मास्तर, एकेक पायरी!" म्हणत त्यांच्यापुढे उलटे चालू लागले. आप्पा एक हात कुशीवर दाबून, ओठ घट्ट मिटून चढत होते. सारा जन्म धावत्या बसमध्ये उभे राहून तिकिटे फाडणारा हा माणूस आज काचेच्या भांड्यासारखा घरात नेला जात होता... आणि त्यांच्या मागून, हडकुळा, पिवळा पडलेला, पण जिवंत दादा, भरल्या डोळ्यांनी आपल्या बापाच्या पाठीकडे पाहत चालला होता.

"सामान राहिलं की टॅक्सीत!" कुणीतरी म्हणाले.

"ही आहे ना! कॉलेजची भिंत आहे ती, भिंत! ट्रंक काय, टॅक्सीसुद्धा उचलून आणेल!"

सगळे हसले. दादाची धाकटी बहीण पुढे झाली. तिने ट्रंकेच्या कडीत बोटे घातली, श्वास आत ओढला आणि ट्रंक उचलली. उजव्या कुशीत जणू कुणी तापली सळई फिरवली! डोळ्यांपुढे क्षणभर अंधारले. दारातून आईने पाहिले. तिचे ओठ हलले, "हळू..." एवढेच. मग आई वळली आणि आप्पांच्या पाठीमागची उशी नीट करू लागली.

कारण किडनी आप्पांनी दिली होती. सगळ्या गल्लीला, सगळ्या डेपोला हे ठाऊक होते. फक्त आप्पा, आई आणि धाकटी या तिघांना ठाऊक होते की ती त्यांनी दिली नव्हती.

त्यात तसे पाहिले तर वाईट काहीच नव्हते. दादा यंत्रावर जगत होता, दिवसेंदिवस वाळत चालला होता. आईचे जुळले नाही, आप्पांचे जुळले नाही. जुळले ते धाकटीचे, आणि दादाने हात झिडकारून सांगितले, "तिच्या अंगाला हात लावायचा नाही! मेलो तर मेलो. ती गोलात उभी राहणारी पोर आहे." तिला हँडबॉलच्या गोलात उभे केले होते ते त्यानेच. गल्लीच्या टोकाला गोदामाच्या आंधळ्या भिंतीपुढे तिला उभे करून तो ताकदीने चेंडू फेकायचा आणि म्हणायचा, "डोळे मिटायचे नाहीत! चेंडू अंगावर येऊ दे. अंगच आपली ढाल." अंगावर निळे डाग घेऊन ती घरी यायची आणि आईच्या शिव्या दोघांनी मिळून खायच्या... असा तो भाऊ. त्याने तिचे कसे घ्यावे?

तेव्हा आईच म्हणाली होती, "बापाचं म्हटलं तर घेईल तो. बापाला नाही म्हणत नाही."

"आणि खोटं उघडं पडलं म्हणजे?" आप्पांनी विचारले होते.

"तो उभा राहीपर्यंत टिकलं तरी पुरे. पुढचं पुढे."

शस्त्रक्रिया दूरच्या मोठ्या इस्पितळात झाली. दादाला सांगितले की धाकटी सरावाच्या शिबिराला गेली आहे. तो वेगळ्या खोलीत, काचेपलीकडे. ती खालच्या मजल्यावर. आप्पा रुग्णांच्या नातेवाइकांसाठी असलेल्या धर्मशाळेत राहत आणि भेटीच्या वेळी इस्पितळाचा झगा अंगावर चढवून काचेपुढे उभे राहत. सर्जन जरा करड्या स्वभावाचे होते. ते म्हणाले, "घरात काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. मी होऊन सांगणार नाही, पण त्याने विचारलं तर खोटं बोलणार नाही." दादाने कधी विचारलेच नाही. बापावर संशय कोण घेतो?

तपासणीला जाण्याआधी आईने धाकटीला बजावले होते, "खेळाचं काही बोलू नकोस हं तिथे. नुसती शिकते म्हण. खेळणारी म्हटलं की नाकारतील ते."

"पण आई, नंतर खेळता येतं ना?"

"येतं ग. सगळं येतं. मी विचारलंय डॉक्टरांना."

धाकटीने सुटकेचा निःश्वास टाकला होता.

*

पहिले काही दिवस मजेचे गेले. आप्पांना खुर्ची, आप्पांना मऊ गादी, आप्पांना सूप. कुणी भेटायला आले की आप्पा खुर्चीतून अर्धवट उठल्यासारखे करत आणि चारजण "बसा, बसा!" म्हणून ओरडत. स्वयंपाकघरात आई आणि धाकटी तोंडात पदर-ओढणी कोंबून हसत. "बघ, बघ, कसे कण्हतायत!" आई म्हणे, "नाटकमंडळीत घालायला हवे होते यांना!" हसताना धाकटीची कूस दुखे, पण हसू आवरत नसे.

डेपोतल्या साहेबांनी ऑपरेशनचा कागद मागितला नाही. उलट सभा भरवून, फुलांचा मोठा गुच्छ देऊन आप्पांना चौकशीच्या खिडकीत बसायचे काम दिले. बसमध्ये उभे राहणे संपले. वर्तमानपत्राच्या आतल्या पानात फोटोही आला. 'पित्याचे दान.' दादाने तो कापून आपल्या खाटेशेजारी चिकटवला.

मग एका दुपारी घरात दोघेच होते, आप्पा आणि धाकटी. आई बाजारात, दादा तपासणीला. न्हाणीघराच्या दाराशी पाण्याची भरलेली बादली होती. आप्पा बादलीपाशी येऊन थबकले आणि म्हणाले, "पोरी, एवढी आत ठेव ग. मला जड उचलायचं नाही ना."

धाकटीला वाटले, थट्टा आहे. ती हसली. आप्पा हसले नाहीत. त्यांचा हात कुशीवर होता... घरात तिसरे कुणी नव्हते, दार बंद होते, आणि तरीही त्यांचा हात कुशीवर होता! धाकटीच्या अंगावर सरसरून काटा आला. तिने बादली उचलून आत ठेवली. त्या दिवसापासून स्वयंपाकघरातले हसणे बंद झाले.

*

जखम भरली तशी ती मैदानावर परतली. मैत्रिणींना सांगितले, अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. हळूहळू हात पूर्वीसारखे उघडू लागले, पाय चवड्यांवरून उसळू लागले. शेवटचे वर्ष होते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून राज्याचा संघ निवडायचा होता, आणि गोलरक्षक म्हणून तिच्याखेरीज दुसरे नाव कुणाच्या तोंडी नव्हते. दादा आता भरला होता, गालावर रंग आला होता. तो कठड्याला टेकून तिचा सराव बघायचा आणि आजूबाजूच्यांना सांगायचा, "ती माझी बहीण. मी शिकवलीय."

त्या एका वाक्यासाठी तिने दुसरीही कूस कापून दिली असती.

हंगामाआधी सगळ्या खेळाडूंची वैद्यकीय तपासणी असे. एरवी ती म्हणजे जीभ दाखवणे आणि वजनकाट्यावर उभे राहणे. त्या वर्षी कॉलेजला नव्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. उंच, चष्मेवाल्या, हाताला जड. त्यांनी धाकटीला कुशीवर वळवले आणि त्यांची बोटे थांबली.

"हे काय?"

"अपेंडिक्स."

"अपेंडिक्स काय पाठीकडून काढतात?" बाई हसल्या. मग हसू विरले. त्यांनी दार लावून घेतले, स्टूल ओढले आणि तिच्यासमोर बसल्या. "कुणाला दिलीस?"

आजवर धाकटीला कुणी हे विचारलेच नव्हते! त्या एका प्रश्नाने आतला बांध फुटला आणि ती ओंजळीत तोंड लपवून हुंदके देऊ लागली. बाईंनी तिला रडू दिले. मग सगळे ऐकून घेतले, पाठीवरून हात फिरवला, आणि त्याच हाताने टेबलावरचे पेन उचलले.

"मी तुला खेळू देऊ शकत नाही."

"बाई!"

"धाव, पोह, टेनिस खेळ. पण गोलात नाही. अंगावर चेंडू घेणं हाच तुझा खेळ. उरलेल्या एकीला मार बसला तर तुझ्याकडे राखीव खेळाडू नाही, कळतंय? उद्या तू त्याच यंत्रावर पडशील ज्यावरून भावाला उठवलंस."

"अंग माझं आहे, बाई! मला चालेल!"

"अंग तुझंच आहे. पण तुला मैदानात सोडायची सही माझी आहे, आणि ती मी करणार नाही. मला हवं तेवढं दुष्ट म्हण." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "अपील आहे. समिती बसते. आई-वडील दोघांनी समोर येऊन काय झालं ते खरं सांगायचं, धोका समजला म्हणायचं. कुशीला कवच बांधून एखाद्याला परवानगी मिळते कधी कधी. मी विरोधात बोलेन, पण समितीतले बाकीचे दोघं मला हरवू शकतात." मग चष्मा पुसत त्यांनी विचारले, "पण मला एक सांग, हे सगळं तुला ऑपरेशनच्या आधी कुणी सांगितलं नव्हतं?"

धाकटी घरी आली तेव्हा आई भांडी विसळत होती.

"आई, तू डॉक्टरांना विचारलं होतंस ना, खेळता येतं का म्हणून? काय म्हणाले होते ते?"

आईच्या हातातले पातेले निसटले. नळाचे पाणी तसेच वाहत राहिले.

"आई..."

"नाही म्हणाले होते." आई मागे न वळता म्हणाली. "तुला सांगितलं असतं तर तू दिली नसतीस!"

"दिली असती, आई." धाकटी म्हणाली. "दिली असती ग! पण तू मला विचारायला हवं होतंस. ते मी द्यायचं होतं... तू घेतलंस!"

"माझा पोरगा मरत होता!" आई एकदम गर्रकन वळली. तिचा चेहरा रडवेला नव्हता, संतापलेला होता. "तू काय मरणार होतीस चेंडू नाही अडवला तर? बाईच्या जातीला कितीसा खेळ असतो? आज ना उद्या सुटणारच होता!"

*

कॉलेजच्या फलकावर संघाची नावे लागली. तिच्या नावापुढे लिहिले होते, 'वैद्यकीय कारणास्तव अपात्र'. डॉक्टरीणबाईंनी कारण कुणालाही सांगितले नाही. आणि न सांगितलेल्या कारणाला गावाची जीभ लागायला किती वेळ लागतो? धडधाकट पोर, अंगाने मजबूत, डॉक्टरांच्या दाराआड रडताना मुलींनी ऐकलेली... दोन दिवसांत कुजबूज गल्लीपर्यंत आली. "महिना कितवा म्हणे?" नळावरच्या एका बाईने दुसरीला विचारले, धाकटीला ऐकू जाईल अशा बेताने.

तिने अपील केले होते. समितीच्या आदल्या संध्याकाळी दादा घरात आला तो दार आपटूनच.

"उद्या समितीपुढे मी येतो. आप्पांना नको दगदग. काय कारण आहे ते मला त्या बाईच्या तोंडून ऐकायचंय."

आप्पा खुर्चीत होते. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. धाकटीने आप्पांकडे पाहिले. आता... आता तरी ते बोलतील! एक वाक्य, फक्त एक. 'अरे, ती तिनं दिली.' एवढेच. खेळ जाऊ दे, समिती जाऊ दे, पण दादाच्या नजरेतला हा विखार तरी पुसला जाईल... आप्पांनी पायांच्या बोटांकडे पाहिले.

"कुणी जायला नको," धाकटी म्हणाली. "मी अपील मागे घेते."

"मागे घेतेस? का?"

तिने पुन्हा आप्पांकडे पाहिले.

"म्हणजे लोक म्हणतात ते खरं!" दादा ओरडला. "कोण आहे तो? बोल!"

"कुणी नाही रे, दादा..."

"मग बोल ना, काय कारण आहे! मूग गिळलेस का?" त्याचा हात उठला आणि तिच्या गालावर बसला. ज्या हाताने चेंडू फेकून तिला घडवले तो हात! तिने डोळे मिटले नाहीत. "ह्या बापानं अंगातलं काढून दिलं मला! स्वतःला चिरून घेतलं! आणि तू त्याच्याच तोंडाला काळं फासलंस! लाज नाही वाटत त्यांच्यासमोर उभी राहायला?"

आई तोंडाला पदर लावून आत निघून गेली. धाकटी अजून आप्पांकडेच पाहत होती. आप्पांनी घसा खाकरला. तिचे सारे प्राण कानांत आले.

"जाऊ दे रे," आप्पा म्हणाले. "तिचं नशीब. तू ओरडू नकोस, तुझा रक्तदाब वाढेल."

दुसऱ्या दिवशी धाकटीने घर सोडले.

*

वर्षे गेली. दूरच्या एका गावातल्या मुलींच्या शाळेत ती खेळ शिकवू लागली. लग्न झाले नाही. तिने मनावर घेतले नाही आणि घरच्यांनी विचारले नाही. आई अधूनमधून चोरून फोन करी, दादाच्या तब्येतीचे सांगे, त्याच्या मुलाच्या परीक्षेचे सांगे, आणि "तू बरी आहेस ना?" असे विचारून उत्तराआधीच फोन ठेवी.

एका सकाळी मैदानाच्या कडेला दादा उभा असलेला तिला दिसला. केस पांढरे झाले होते. ती शिट्टी तोंडातून काढून त्याच्यासमोर गेली.

"आप्पांच्या पोटात दुखायला लागलं," तो म्हणाला. "पित्ताशयात खडे निघाले. सोनोग्राफीला मीच घेऊन गेलो होतो. ती मुलगी यंत्र फिरवता फिरवता म्हणाली, आजोबांच्या दोन्ही किडन्या छान आहेत हं. मी म्हटलं, दोन्ही? ती हसली. म्हणाली, माणसाला दोनच असतात, काका..."

धाकटी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिली.

"आईला विचारलं. आई बोलली सगळं." दादाचा चेहरा वेडावाकडा झाला. "मी तुला मारलं होतं ग! त्या दिवशी... तुझीच किडनी पोटात घेऊन मी तुला मारलं! तू का नाही बोललीस? एक शब्द!"

"आप्पा बोलतील असं वाटलं," ती म्हणाली.

दादा तिथेच गवतात मटकन बसला. मुली दुरून पाहत होत्या.

"ते अजून कबूल करत नाहीत," तो डोळे पुसत म्हणाला. "यंत्र बिघडलंय म्हणतात. चल माझ्याबरोबर. उद्या त्यांचं ऑपरेशन आहे. तुझ्यासमोर खोटं बोलून दाखवू देत!"

इस्पितळात आप्पा खाटेवर अगदी लहान दिसत होते. आई पायथ्याशी बसली होती. धाकटीला पाहून ती उठली, दोन पावले पुढे आली आणि तिथेच थांबली, जणू पुढे यायची तिला परवानगी नव्हती. आप्पांनी मुलीला ओळखले. त्यांचा हात सावकाश सरकत कुशीवर गेला.

"आप्पा," दादा म्हणाला, "ही आलीय. आता सांगा."

"काय सांगू? इथली यंत्रं जुनी. काय वाटेल ते दाखवतात."

"आप्पा!"

"माझ्यासाठी सभा भरली होती!" म्हातारा चिरक्या आवाजात ओरडला. "साहेब स्वतः बोलले होते! सगळं गाव मला... मी दिली! मीच दिली!" आणि मग त्याने मुलीकडे पाहिले. किती भय होते त्या नजरेत! आता ही एक शब्द बोलली की आपल्यापाशी काही उरणार नाही, खुर्ची नाही, फोटो नाही, पोराची भक्ती नाही, हे त्या नजरेला लख्ख कळत होते.

धाकटीला तो शब्द बोलता आला असता. इतक्या वर्षांत तो मनात घोटून घोटून धारदार झाला होता. ती खाटेजवळ गेली. तिने आप्पांचा कुशीवरचा हात तसाच राहू दिला आणि त्यावर चादर ओढली.

"दादा, राहू दे," ती म्हणाली. "यंत्र बिघडलं असेल."

दादा भिंतीकडे तोंड करून हमसून हमसून रडू लागला. आई खाली बसली. आप्पा छताकडे पाहत होते. मग कुणाकडेही न पाहता ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले,

"यंत्र बिघडलेलं नाही."

हेच ते वाक्य! याच्यासाठीच ती त्या संध्याकाळी गालावर बोटांचे वळ घेऊन उभी होती. आज ते आले, आणि धाकटीला वाटले होते तसे काहीच झाले नाही. गेलेले काही परत आले नाही. समोर फक्त एक थकलेला, भेदरलेला म्हातारा होता, त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होते आणि ते पुसायला त्याला हात उचलवत नव्हता. तिने ते पुसले. "झोपा आता," ती म्हणाली. "सकाळी लवकर नेतील तुम्हाला."

ती बाहेर आली. मागोमाग दादा आला आणि बाकावर तिच्याशेजारी बसला. समोरून एक परिचारिका औषधांची गाडी ढकलत गेली. दादाला पुष्कळ बोलायचे होते, माफी मागायची होती, पाय धरायचे होते... पण त्याच्या तोंडून निघाले ते एवढेच,

"दुखतं का ग अजून?"

"थंडीत," धाकटी म्हणाली. "आणि तुला?"

"मला नाही."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि तिने त्याच्या खांद्यावर डोके टेकले.